दात साफ केल्याने ते हलू लागतात का?

दंतचिकित्सा विभागात समुपदेशक म्हणून बसू लागल्यापासून हा प्रश्न मी जितक्या वेळा ऐकला आहे, तितका दुसरा कोणताही ऐकलेला नाही. सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातून आलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या बाईंनी तर तो तक्रारीच्या सुरातच मांडला. "ताई, आमच्या जाऊबाईंनी दात साफ केलं अन् म्हैन्याभरात पुढचं दोन दात हलाय लागलं. मला नुसतं रक्त थांबायचं औषध द्या."

डॉक्टरांनी खुणा असलेली बारीक सळई दात आणि हिरडी यांच्यामधल्या फटीत अलगद घातली. निरोगी हिरडीत ती १ ते ३ मिलिमीटर जाते. बाईंच्या खालच्या दातांपाशी ती ६ मिलिमीटरपर्यंत उतरली. मी त्यांच्या हातात आरसा दिला. खालच्या पुढच्या चार दातांच्या मागे तपकिरी कीटणाचा असा सलग थर होता, की दात वेगवेगळे दिसतच नव्हते.

दातांवर रोज साचणारा जंतूंचा चिकट थर वेळीच निघाला नाही, तर तो लाळेतल्या क्षारांनी कडक होऊन त्याचे कीटण बनते, त्याच्या खरखरीत पृष्ठभागावर आणखी जंतू साचत राहतात आणि हिरडी सुजून रक्त येऊ लागते. एवढ्यावर उपचार झाले तर हिरडी पूर्ववत होते. मात्र सूज खाली उतरून दाताभोवतीचे हाड झिजले, तर ते साफसफाईने परत येत नाही. हाड गेलेले दात कीटणाने एकमेकांना जखडलेले असतात, म्हणून ते घट्ट वाटतात; कीटण काढले की आधीपासूनचा सैलपणा उघड होतो, एवढेच. हे ऐकून बाई म्हणाल्या, "म्हंजे वढ्याकाठच्या झाडावानी. माती कवाच गेलेली, नुसता पालापाचोळा अडकलेला." त्यानंतर हा दाखला मी अनेकांना दिला आहे.

मिशरी लावली की रक्त थांबते, असा त्यांचा अनुभव होता आणि तो खोटा नव्हता. तंबाखूने हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे रक्त कमी दिसते आणि आजार आत वाढत राहतो. म्हणूनच मिशरी सोडल्यावर काही दिवस रक्त जास्त आल्यासारखे वाटेल, हे मी आधीच सांगून ठेवले. दात साफ केल्यावर थंड पाणी झोंबेल, फटी दिसतील, हेही सांगितले. जाऊबाईंना हे कुणी सांगितले असते, तर एवढी धास्ती बसली नसती, असे मला वाटते. बाईंना मधुमेह होता आणि गोळ्या अधूनमधून चुकत होत्या. साखर वाढलेली असली की हिरड्या लवकर भरून येत नाहीत आणि हिरड्यांची सूज साखरही आटोक्यात येऊ देत नाही, म्हणून दोन्ही उपचार एकदमच सुरू केले.

भूल देऊन दोन बैठकांत मुळांपर्यंत सफाई झाली. मऊ ब्रश हिरडीच्या कडेला तिरका धरायला आणि फटींत छोटा ब्रश फिरवायला त्या आरशासमोर बसून शिकल्या. तीन महिन्यांनी बहुतेक ठिकाणी सळई ३-४ मिलिमीटरवर थांबली. एक दात अजून हलतो आणि तो टिकेल असे आश्वासन मी दिलेले नाही. सकाळची मिशरी बंद झाली आहे, रात्रीची सुटलेली नाही. पुढच्या भेटीत बोलणे तिथूनच सुरू करायचे आहे.