बदकांच्या शिकारीची जुनी इंग्लिश पंट आणि पंट गन घरच्या वर्कशॉपमध्ये बनवता येईल का?

होडी येते. गनचा नाद सोडा, का ते खाली लिहितो.

तुम्ही विचारलंय की यूट्यूबवर ती लांबुळकी चपटी होडी आणि तिच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, लांबीला धरून ठेवलेली आठ-नऊ फुटी बंदूक बघितली, गॅरेजमध्ये छोटा लेथ आहे, करवत आहे, तर दोन्ही घरी होईल का. मी यातली होडी केली आहे. मूळचा देवगडचा, गेली १४ वर्षं इंग्लंडमध्ये एसेक्सला, नोकरी मशीन डिझाइनची. घरापासून अर्ध्या तासावर माल्डन नावाचं गाव आहे, ब्लॅकवॉटर नदीच्या खाडीवर, आणि ही खाडी म्हणजे अगदी आपल्याकडच्यासारखी, चिखल, खाजण, ओहोटीला पात्रात नुसती ओल उरते. मिठागरंसुद्धा होती, तिथलं मीठ अजून डब्यात भरून जगभर जातं. थंडीत सैबेरियाकडून काळे ब्रेंट गूज, म्हणजे एक प्रकारचे रानहंस, येतात हजारोंनी. तर पंट बोट हा प्रकार याच असल्या खाड्यांमधला.

आधी ती काय वस्तू आहे ते थोडक्यात, कारण बऱ्याच जणांना वाटतं साधी होडी आणि वर मोठी बंदूक. तसं नाहीये. शिकारी तिच्यात बसत नाही, पालथा झोपतो, हनुवटी बंदुकीच्या दस्त्यामागे, आणि दोन्ही हात कडेवरून पाण्यात घालून छोट्या काठीने किंवा हातभर वल्ह्याने होडी मुंगीच्या पावलाने पुढे सरकवतो. तासन्तास. भरतीचं पाणी चढताना बदकं कडेकडेने गोळा होतात त्यांच्या ६०-७० यार्डांपर्यंत जायचं, आणि मग एकच बार. त्या बारात एक पौंडभर छर्रे एकदम जातात. नेम धरायचा म्हणजे अख्खी होडी वळवायची, बंदूक होडीवर डावी-उजवी फिरत नाही. बार झाला की धक्का माणसाच्या खांद्याला बसत नाही, बसला तर खांदा जागेवर राहायचा नाही, तो एका जाड दोरातून पुढे नाळेच्या लाकडावर जातो आणि होडी माणसासकट मागे सरकते. म्हणजे बंदुकीचा गाडा म्हणजेच होडी. हे एकदा डोक्यात बसलं की तिचा आकार असा का ते आपोआप कळतं.

यातला सगळ्यात गाजलेला माणूस कर्नल पीटर हॉकर, १७८६ ते १८५३. हॅम्पशायरमध्ये कीहेवनला त्याचं शिकारीचं घर होतं आणि १८०२ पासून मरेपर्यंत डायरी लिहायचा. १८०९ ला स्पेनमध्ये तालावेराच्या लढाईत मांडीला गोळी लागली, फौज सोडावी लागली, पण पंटमध्ये पालथं झोपणं काही सोडलं नाही. (त्या लढाईत इंग्रजांचा सेनापती वेलस्ली होता, तोच, १८०३ ला असईला शिंदे-भोसल्यांशी लढलेला. मला असले धागे सापडले की उगाच बरं वाटतं.) हॉकर हौशी होता, पण खाडीकाठची गरीब माणसं पोटासाठी हेच करायची, बदकं रेल्वेने लंडनच्या बाजारात जायची. इथे एसेक्समध्येच ब्रॅडवेलला समुद्राकाठी सातव्या शतकातलं एक चॅपल आहे, त्याच्या शेजारी अशाच एका शिकाऱ्याचं लाकडी खोपटं अजून उभं आहे. ते बघूनच माझ्या डोक्यात किडा शिरला.

आता माझी होडी. एका माणसाची, १७ फूट लांब, रुंदी जास्तीत जास्त ३ फूट, मध्ये कडेची उंची ९ इंच, टोकांना त्याहून कमी. मापं मला इथल्या एका म्हातारबांनी दिली, त्यांच्या वडिलांची पंट होती, ती कधीच कुजून गेली पण मापं एका फळीवर पेन्सिलने लिहून ठेवलेली. तळ वरवर बघितला तर सपाट, पण खरं तर नाळेपासून मागेपर्यंत दोनेक इंचाचा बाक आहे, आणि तो बाक नसेल तर होडी चिखलाला अशी चिकटते की बस. जुने लोक पाइन किंवा एल्मच्या फळ्या, ओकच्या आडव्या पट्ट्या आणि तांब्याचे खिळे वापरायचे. मी ६ मिलिमीटरचा मरीन प्लाय (पाण्यात टिकणारं प्लायवुड) आणि इपॉक्सी (दोन द्रव कालवून घट्ट होणारा गोंद) वापरलं. पारंपरिकवाले नाकं मुरडतील, मुरडू देत, फळीची होडी उन्हाळाभर गॅरेजमध्ये सुकत पडली की तिच्या सगळ्या फटी उघडतात आणि मला वर्षातून दहाच वेळा वेळ मिळतो.

गणित आधी करा. माझ्या होडीचा पाण्याला टेकणारा भाग साधारण २.८ चौरस मीटर, म्हणजे प्रत्येक २८ किलोला ती १ सेंटीमीटर बुडते. होडी ७०, मी ८२, आणि तिथे जुन्या पद्धतीची गन असती तर ४० किलो. बेरीज १९२, म्हणजे पावणेसात-सात सेंटीमीटर पाणी. घोट्याएवढ्या पाण्यात माणूस, होडी आणि तोफ तरंगते! इतकं साधं गणित आहे पण मी ते करून बघितलं त्या दिवशी रात्री झोप आली नाही.

पहिली घोडचूक. इथलं गॅरेज आतून १६ फूट. होडी १७. मी हुशार माणूस, म्हटलं तिरकी ठेवू, कर्ण जवळपास १८ फूट भरतो. पण होडीला रुंदी पण असते ना! भिंतीला घासत एका कोपऱ्यात अडकली आणि मला तिच्याभोवती फिरायला जागाच नाही. शेवटी दोन्ही हिवाळे दार अर्धं उघडं, नाळ दोन फूट बाहेर ड्राइव्हवेत, वर निळी ताडपत्री, आणि शेजारचे येता-जाता विचारणार की आत डेड बॉडी आहे का. देवगडच्या अप्पाकाकांना व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला, त्यांची हयात होड्यांमध्ये गेलेली, त्यांचं उत्तर आलं, "अरे ही होडी की तिरडी?"

काम करताना खरं कसब दोनच ठिकाणी लागतं. प्लायचा तुकडा ८ फुटी येतो म्हणून तीन तुकडे जोडावे लागतात, आणि जोड समोरासमोर नाही द्यायचा, दोन्हीकडून तासून लांब उतार काढायचा, जाडीच्या आठपट, म्हणजे ६ मिलिमीटरला ४८. तुकडे एकावर एक पायऱ्यांसारखे रचून एकदमच रंधा मारायचा, प्लायचे थर समांतर रेघांसारखे दिसायला लागतात, त्या रेघा सरळ असतील तर उतार सरळ, वाकड्या दिसल्या तर रंधा कुठेतरी जास्त चाललाय. यापेक्षा चांगलं मोजमापाचं साधन नाही. मग तळ आणि बाजू कापून कडेने दर सहा इंचाला भोक, तांब्याची तार घालून पिळायची, शिवणकामच म्हणा ना, कोकणात काथ्याने फळ्या शिवायचे तसंच. तारा आवळत गेलं की चपट्या फळ्या हळूहळू वाकायला लागतात आणि तासाभरात जमिनीवर होडी उभी असते. बायको चहा घेऊन आली आणि म्हणाली सकाळी तर हे कपाट होतं.

दुसरं कसब म्हणजे पीळ. इपॉक्सी लावायच्या आधी जमिनीवर आडवा होऊन एका टोकाने बघा. मी दोन सरळ पट्ट्या एक पुढे एक मागे आडव्या ठेवल्या आणि डोळा लावला, तर पुढची पट्टी डावीकडे १२ मिलिमीटर खाली. डोळ्याला होडी अगदी छान दिसत होती हां. अर्ध्या तारा तोडल्या, परत आवळल्या, रविवार गेला. पण तशीच चिकटवली असती तर आयुष्यभर एकाच बाजूला वळत राहिली असती आणि पालथं झोपून एका हाताने काठी मारणाऱ्याला ते परवडत नाही.

इपॉक्सीचं एवढंच सांगतो की थंडीत करू नका. मी जानेवारीत ४ डिग्रीला केलं, तिसऱ्या दिवशीही बोटाला गुळाच्या पाकासारखं चिकटत होतं, सगळं खरवडलं. मग हीटर आणला आणि घाईघाईत दह्याच्या डब्यात अर्धा लिटर एकदम कालवलं, तर ते आपोआप तापत गेलं, धूर निघाला, डबा खालून वितळला आणि माझ्या बुटावर सांडला. थोडं थोडं कालवा, पसरट ट्रेमध्ये ओता. मास्क आणि ग्लोव्ह्ज घालाच, याची अ‍ॅलर्जी एकदा बसली की जात नाही.

रंग मातकट पांढरा-करडा, आणि चकाकी अजिबात नको. मी आधी बोटीच्या दुकानातला चकचकीत पांढरा लावला, तर म्हातारबा म्हणाले संध्याकाळी ही ट्यूबलाइटसारखी दिसेल. परत घासला.

आता गन. नाळेचं लाकूड मी ओकचंच घातलं, मागून भक्कम आधार दिला, दोरासाठी भोकही ठेवलं, कारण त्याशिवाय होडी अर्धवट वाटली असती. पण गन केली नाही आणि करणारही नाही. एक तर कायदा. इथे १९८१ च्या कायद्याने पावणेदोन इंचापेक्षा मोठ्या तोंडाच्या शॉटगनने पक्षी मारता येत नाहीत, हात लावायच्या आधी पोलिसांचं सर्टिफिकेट लागतं, आणि नळी प्रूफ हाउसमध्ये तपासल्याशिवाय विकताही येत नाही. लंडनच्या गनमेकर्स कंपनीची सनद १६३७ ची, बर्मिंगहॅमचं प्रूफ हाउस १८१३ चं, म्हणजे हे आजकालच्या सरकारी बाबूंचं खूळ नाही. तिथे जास्त दारू भरून, माणूस लांब उभा ठेवून बार काढतात, फुटायची ती तिथेच फुटू दे म्हणून. आणि तुम्ही कुठे असता? पालथे, चेहऱ्यापासून फूटभर अंतरावर तिचं मागचं बूड. मी रोज प्रेशरखालचे पार्ट डिझाइन करतो, धातूच्या आत काय दडलंय ते डोळ्याला दिसत नाही एवढं मला नोकरीने शिकवलंय. यूट्यूबवर पाइप घेऊन उद्योग करणारे दिसतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. तुम्ही भारतात असाल तर विषयच संपला, १९५९ चा शस्त्र कायदा, लायसन्सशिवाय बंदूक बनवणं म्हणजे सरळ जेल, आणि १९७२ पासून वन्यजीव कायदा. हौस म्हणून ऐकली जाणार नाही.

इथे ज्यांच्याकडे आहेत त्या बहुतेक आजोबा-पणजोबांच्या. लिंकनशायरमध्ये काउबिट गावात १८९७ च्या व्हिक्टोरियाच्या ज्युबिलीपासून प्रत्येक राज्याभिषेकाला आणि ज्युबिलीला पंट गनची सलामी देतात, बघायचीच असेल तर ती बघा.

पण गन नसल्याने एक गंमत झाली. होडी पहिल्यांदा पाण्यात घातली तर नाळ वर, बूड खाली, मी मागे घसरतोय. अर्थात, ती ४० किलो पुढे धरून आखलेली! धावत जाऊन वाळूच्या पिशव्या आणल्या, दोन २० किलोच्या, पुढे टाकल्या आणि होडी पाण्यावर अशी टेकली की जणू पाण्याचीच झाली. धक्क्यावर म्हातारबा उभे होते, ते हसून म्हणाले, आता झाली पंट, गन पोत्यात आहे एवढंच.

झोपून वल्हवताना मान पहिल्या दहा मिनिटांत धरते, छातीखाली जाड फोम घ्या. बाहीतून पाणी कोपरापर्यंत येतं. आणि समोरचं जग एकदम वेगळं दिसतं, पाण्याच्या पातळीवरून, चिखलाची कड म्हणजे डोंगर वाटतो. विजन बदकांच्या शिट्ट्या आधी ऐकू येतात, दिसत काहीच नाही, मग धुक्यात ठिपके. मी एकदा ८० यार्डांपर्यंत गेलो असेन, श्वास सुद्धा जपून, आणि खिशात फोन वाजला. अप्पाकाका. "भरती किती वाजता पुरी झाली?" बघितलंच नव्हतं. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशीचं उधाण, पाणी आलं तसंच झपाट्याने उतरतं हे देवगडच्या पोराला सांगावं लागावं! पुढचे चार तास चिखलात, होडीत पडून, सँडविच एकच. उतरून चालायचा प्रयत्न चुकूनही करू नका, मांडीपर्यंत जातं आणि पाय निघत नाही.

एकूण खर्च प्लाय, इपॉक्सी, ओक, रंग धरून ९०० पौंडांच्या आसपास, वेळ दोन हिवाळ्यांचे शनिवार-रविवार. भिगवणसारख्या ठिकाणी फोटोसाठी असली होडी मस्त चालेल असं मला वाटतं, पण तिथले मच्छीमार आधीच होडीतून फिरवतात, त्यांना आणि वनखात्याला विचारूनच काय ते करा. फळीवरची मापं मी कागदावर उतरवून ठेवलीत, हवी असतील तर कमेंटमध्ये सांगा, फोटो टाकतो. फक्त आधी गॅरेज मोजा.