छाटणी कात्रीच्या म्यानाला टिचबटण की घुंडी?

भाऊ, संत्र्याची सल, म्हणजे वाळक्या फांद्या, काढायच्या कात्रीसाठी तुम्ही ३ मिलिमीटर चामड्याचं म्यान घरी शिवलं आणि महिनाभरात झाकणाचं टिचबटण उपटून आलं. आता रिव्हेट, वेल्क्रो की भारी बटण, असं विचारलंत. मी नागपुरात बरीच वर्षं घरीच म्यानं शिवतो, त्यातली बरीचशी काटोलकडे भावाच्या बागेत वापरात आहेत. त्यावरून सांगतो.

तुमचं बटण वाईट नसेल, त्याची नळी आखूड पडली असेल. टोपीची नळी चामड्यातून पलीकडे निघते आणि ठोकल्यावर तिची कड वाटीच्या आत फुलासारखी उमलून बसते. सगळी पकड त्या कडेची. कपड्यांच्या टिचबटणांची नळी कापडाच्या बेताची असते. ३ मिलिमीटर चामड्यातून ती जेमतेम डोकावते, कड अर्धवट वळते आणि रोजच्या ओढाओढीने सुटते. नळी फार लांब असली तर हातोडीखाली आडवी वाकते, तेही वाईटच. म्हणून लांब नळीचं बटण मागा, नाहीतर तेवढ्या जागी आतून रापीने, म्हणजे चामडं कापायच्या सुरीने, चामडं छिलून पातळ करा. आधी त्याच चामड्याच्या तुकड्यावर एक ठोकून पाहा. टोपी चिमटीत धरून फिरवा. फिरली, तर ती बसलेली नाही.

इतवारीत सामान घ्यायला जाल तेव्हा खिशात लोहचुंबक ठेवा. पितळी म्हणून दिलेलं बटण चिकटलं तर आत लोखंड आहे, ते घेऊ नका. झाडाच्या सालीने कमावलेल्या चामड्यात टॅनिन असतं. घामाने ओलं झालं की लोखंडाभोवती काळा डाग धरतो आणि तो सहज निघत नाही. शिवाय तुमची कात्री बोर्डोजवळ, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या फवारणीच्या मिश्रणाजवळ, राहणार. मिश्रणात लोखंडी विळा बुडवून तांबूस थर चढतो का ते आपण बघतोच ना? चुना कमी पडला की मोरचूद विळ्याला जे करतं तेच बटणालाही करतं. पितळेवर हिरवट मेण साचतं, पण ते फडक्याने पुसून निघतं.

वेल्क्रो बागेत लावूच नका. आठवडाभरात कुसळांनी भरतं.

माझं मत विचाराल तर कात्रीला घुंडी लावा. पितळेची, गोल डोक्याची, मागून स्क्रूने बसणारी. झाकणाला तिच्या मानेएवढं भोक पाडा आणि भोकाला लागून ४-५ मिलिमीटरची चीर द्या. चीर झाकणाच्या टोकाकडे नको, वरच्या अंगाला हवी. ताण टोकाकडच्या काठावर येतो. चीर त्याच बाजूला दिली तर घुंडी आपोआप निसटते आणि पुढे चामडंही फाटतं. चीर जिथे संपते तिथे सुईच्या जाडीचं भोक पाडा, म्हणजे ती पुढे सरकत नाही. पहिले काही दिवस घट्ट लागेल, पण चीर मोठी करू नका, चामडं आपसूक सैल होतं. हातमोजा घालूनही एका हाताने उघडते, आणि चिखल अडकायला आत स्प्रिंगच नाही. स्क्रूला मात्र डिंकाचा थेंब लावा, नाहीतर चालून चालून सुटतो.

रिव्हेटची जागा पट्ट्याच्या फाशापाशी, कारण वजन तिथे लटकतं. तांब्याचा रिव्हेट वॉशरसकट घ्या. वॉशर बसल्यावर दांडा दोनेक मिलिमीटर उरेल असा कापा आणि हलक्या हाताने गोल ठोका. आतल्या डोक्यावर पातळ चामड्याचा तुकडा चिकटवा, नाहीतर पात्याची धार रोज त्यावर घासते. कडेची शिलाई दोन सुयांनी, मेणलावल्या पॉलिस्टर दोऱ्याची. एका बाजूचा दोरा तुटला तरी दुसरा धरून ठेवतो. मशीनच्या शिलाईत तसं होत नाही.

जंबेरीवर, म्हणजे संत्र्याच्या कलमाच्या खुंटावर, डोळे भरायच्या चाकूचंही म्यान शिवणार असाल, तर त्याला बटण, घुंडी काहीच लावू नका. धार ज्या कडेला येते तिथे दोन पदरांमध्ये चामड्याची पट्टी घाला, म्हणजे टाके कापले जाणार नाहीत. शिवून झाल्यावर म्यान कोमट पाण्यात भिजवा, चाकू प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून आत घाला, मुठीभोवती बोटांनी दाबा आणि सावलीत दोन दिवस वाळू द्या. मे महिन्यात गच्चीवर ठेवाल तर आक्रसून तडकेल. वाळल्यावर चाकूसकट उलटं धरून झटका. पडला नाही, तर काम झालं.