लेस्टरमधलं भाडं आणि युनिव्हर्सल क्रेडिट

प्रश्न: आम्ही नवरा-बायको, मुलगा ८ वर्षांचा, मुलगी ६. तुटपुंजी कमाई. युनिव्हर्सल क्रेडिटमधून (ब्रिटनमध्ये कमी कमाईवाल्यांना मिळणारी सरकारी मदत) तीन बेडरूमच्या घराचं पूर्ण भाडं मिळेल का?

उत्तर: नाही. दहा वर्षांखालची भावंडं, मुलगा-मुलगी असली तरी, एकाच खोलीत धरतात. म्हणजे दोन बेडरूमचा स्थानिक दर (खासगी घरभाड्यासाठी त्या भागापुरता सरकारने ठरवलेला) हीच तुमची कमाल मर्यादा. वरचा फरक खिशातून. मुलगा १० चा झाला की तीन खोल्या धरतात. तेव्हा युनिव्हर्सल क्रेडिटचं ऑनलाइन खातं तपासा, दर बदलला नसेल तर त्यातल्या जर्नलमध्ये (निरोप पाठवायची जागा) लिहा. पहिला हप्ता साधारण ५ आठवड्यांनी येतो, तोवरच्या भाड्याची सोय हवी. बचत १६,००० पौंडांवर गेली तर सगळंच बंद, आणि आपली मंडळी अडकतात ती इथेच: पुण्यातला भाड्याने दिलेला फ्लॅटही सहसा त्यात मोजला जातो. व्हिसावर सरकारी मदतीला मनाई असेल, तर अर्जच करू नका.