शाळेचं अंतर आणि सोयी यांमुळे मुलं खरंच शाळा सोडतात का?

तुमचा प्रश्न असा की, शाळा जवळ असली, खोल्या-संडास नीट असले तर पोरं टिकतात का, की सगळं घरच्या परिस्थितीवरच असतं? आणि गावाला थोडा निधी आलाय, तो कशात घालावा?

मी बीड जिल्ह्यात, धारूर-वडवणीकडच्या डोंगरपट्ट्यात हायस्कूलवर शिकवतो. बरीच वर्षं आठवीचा वर्गशिक्षक आहे. गळती जिथं डोळ्यांना दिसायला लागते तो हाच वर्ग.

अंतराचा फरक पडतो, पण कागदावरच्या अंतराचा नाही. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, हिशेबानं पाचवीपर्यंतची शाळा 1 किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची 3 किलोमीटरच्या आत पाहिजे. कायदा 14 वर्षांपर्यंतचा, त्यामुळं नववीच्या पोरीनं किती चालायचं यावर तो गप्प. आमच्याकडं तांड्यावर चौथीपर्यंत, गावात सातवीपर्यंत आणि हायस्कूल फाट्याच्या पलीकडं. लेकरू दोनदा शाळा बदलतं आणि दर बदलाला दोन-चार मागं राहतात. टीसी काढून नेलेला असतो, नव्या शाळेत तो पोहोचतच नाही.

एका वस्तीचं सांगतो. नकाशावर अंतर 4 किलोमीटर. त्यातला तीनेक किलोमीटर डांबरी रस्ता, तिथून एसटी जाते. राहिलेली पाऊलवाट ओढ्यातून आणि तुरीच्या रानातून. जून-जुलैत तूर गुडघ्याएवढी असते तोवर पोरी मजेत येतात. दिवाळीच्या आसपास ती डोक्यावर जाते, मग घरचे म्हणतात, ‘सर, सोबत असंल तर धाडतो, नाही तर नको.’ सोबतीची मैत्रीण आजारी पडली की दोघींची गैरहजेरी. हजेरीपट बघून तुरीची उंची सांगता येईल, असं मी स्टाफरूममध्ये म्हणत असतो.

मानव विकास या सरकारी कार्यक्रमातून पोरींना शाळेत नेणाऱ्या निळ्या एसटी गाड्यांनी मात्र खरा फरक पाडला. पास फुकट हे झालंच, पण गाडीत सगळ्या पोरीच असतात, म्हणून आईबाप निर्धास्त. तरी वेळापत्रकाचा घोळ असतोच. शनिवारी शाळा सकाळची आणि गाडी रोजच्याच वेळेला, त्यामुळं माझ्या वर्गात शनिवारी लांबच्या वस्त्यांचे बाक मोकळे. गाडीचं मोल कळलं ते 2021 ला. कोरोनानंतर 4 ऑक्टोबरला ग्रामीण भागातले पाचवीपासूनचे वर्ग उघडले, पोरं जरा रुळतात न रुळतात तोच महिनाअखेरीला एसटीचा संप सुरू झाला, तो एप्रिलपर्यंत चालला. पोरांनी सायकली काढल्या, कुणाच्याही मोटारसायकलवर तिघं-तिघं बसून आले. पोरी घरी बसल्या. त्यातल्या दोघींचं पुढं लग्नच झालं. त्याला संपच कारण झाला असं म्हणणार नाही, पण शाळेत येत असत्या तर निदान कुणी विचारलं असतं.

आता सोयी. भिंतीवरची चित्रं, डिजिटल वर्ग, कमान यांनी पाहुणे खूश होतात. पोरगी टिकते ती संडासात पाणी असेल तर. नुसता संडास नव्हे, पाणी आणि आतून लागणारी कडी. आमच्याकडं मुलींचं युनिट बांधून दोन वर्षं कुलपात होतं, कारण टाकी नव्हती आणि झाडायला माणूस नव्हता. मार्चनंतर गावच टँकरवर असतं, तिथं संडासात कोण ओतणार? त्या काळात पाळी आली की पोरगी चार-पाच दिवस यायची नाही. दर महिन्याला पाच दिवस बुडाले की गणित सुटतं, आणि गणित सुटलं की शाळा सुटायला वेळ लागत नाही.

पण आमच्या भागाची खरी अडचण वेगळी आहे, शाळा जागेवर असते आणि घरच हलतं. दसरा-दिवाळीला मुकादमाच्या, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराच्या, गाड्या लागतात, उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले असतात, माणसं पश्चिम महाराष्ट्रात नाही तर कर्नाटकात कोयत्याला, म्हणजे ऊसतोडीला, जातात ती गुढीपाडव्याच्या सुमाराला परततात. ऊस तोडणाऱ्या जोडप्याला एक कोयता म्हणतात; 14-15 वर्षांचा पोरगा म्हणजे अर्धा कोयता, त्याला मागं कोण ठेवील? आणि पोरीला मागं ठेवायचं तर कुणाच्या भरवशावर? यावर हंगामी वसतिगृह हा चांगला उपाय आहे. नाव वसतिगृह, पण लेकरं आज्जीपाशी झोपतात आणि दोन वेळचं शाळेत जेवतात. एका वर्षी आमच्याकडं मंजुरी डिसेंबरात आली, तोवर लेकरं उसाच्या फडातल्या कोप्यांत, म्हणजे झोपड्यांत, पोहोचली होती. मंजुरी दसऱ्याआधी हातात असली तर आईबाप ऐकतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय. 2021 ला ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी 41 तालुक्यांत 82 शासकीय वसतिगृहं जाहीर झाली, त्यात तुमचा तालुका आहे का ते समाजकल्याणच्या कार्यालयात विचारा. पोरीसाठी राहायची सोय असली तर लग्नाची घाई थांबते, निदान लांबते.

म्हणून घरची परिस्थिती एका बाजूला आणि शाळेच्या सोयी दुसऱ्या बाजूला, अशी वाटणी मला पटत नाही. घरी कितीही ओढाताण असली तरी बहुतेक मायबापांना पोरगं शिकावं असं वाटतंच. ते बघतात इतकंच की आपण नसताना लेकरू जेवंल का आणि अंधार पडायच्या आत घरी येईल का.

निधीचं म्हणाल तर खोली गळत नसेल तर नवी खोली राहू द्या. आधी पाण्याची टाकी आणि नळ, मग संडासाची दुरुस्ती आणि सफाईला महिन्याच्या मानधनावर गावातलीच एखादी बाई. उरले तर ओढ्यावर दोन नळ्या टाकून वाट करा, पण हे काम ग्रामपंचायतीच्या गळ्यात घालता आलं तर शाळेचा पैसा वाचेल. गाडीसाठी ग्रामसभेचा ठराव करून आगार व्यवस्थापकाकडं मे महिन्यातच द्या. अर्जात शनिवारची वेळ वेगळी लिहा, आम्ही लिहिली नव्हती.