सासऱ्यांचा जन्म फोंड्याचा, मग नातवाला पोर्तुगालचा पासपोर्ट मिळेल का?

प्रश्न: माझे सासरे 1951 साली फोंड्याला जन्मले, नंतर नोकरीला बडोद्यात आले ते इथलेच झाले. मुलगा इंजिनियर आहे, त्याला जर्मनीत जॉब करायचाय. एक एजंट म्हणतो आजोबांच्या जन्मदाखल्यावर सगळ्या घराचे पोर्तुगीज पासपोर्ट काढून देतो, इंडियन पण ठेवा, कोण बघतंय! खरंय का हे?
– एक वाचक, बडोदा

उत्तर: ताई, पहिला भाग बऱ्यापैकी खरा, दुसरा साफ खोटा. गोवा, दमण, दीवमध्ये 19 डिसेंबर 1961 च्या आधी जन्मलेल्यांना पोर्तुगाल आपलेच नागरिक धरतो, म्हणजे नवीन काही देत नाही, जुनं होतं ते मान्य करतो. आपल्या सरकारने 1962 च्या आदेशाने त्याच लोकांना भारतीय करून टाकलं, सासरे त्यातच आले. पोर्तुगालने गोवा भारताचा हे मान्य केलं ते थेट 1974 च्या अखेरीस, तिकडची हुकूमशाही पडल्यावर.

रस्ता असा, की आधी सासऱ्यांचा जन्म लिस्बनच्या नोंदणी ऑफिसात चढवायचा, मग तुमच्या मिस्टरांचा, मग मुलाचा. सहसा असंच कडीला कडी जोडत जावं लागतं. आणि खरी डोकेदुखी स्पेलिंगची, जुन्या पोर्तुगीज नोंदीत कामतचं कामोतिम झालेलं असतं आणि आपल्या आधारवर तिसरंच काहीतरी, त्यामुळे लग्नाच्या नोंदीपासून सगळं जुळवत बसावं लागतं.

आता दोन पासपोर्टचं. नागरिकत्व कायदा 1955 चं कलम 9 सांगतं की स्वतःहून परदेशी नागरिकत्व घेतलं की भारतीय गेलं, इंडियन पासपोर्ट तरीही लपवून ठेवणं हा वर गुन्हा. नंतर ओसीआय (परदेशी झालेल्या मूळ भारतीयांचं कार्ड) काढता येतं, त्यावर इथे राहता येतं पण मतदान नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. आणि रस्ता सासऱ्यांच्या नोंदीपासूनच सुरू होतो, म्हणजे नातवाच्या जॉबपायी या वयात सासऱ्यांचं मत पणाला लावायचं का, हे त्यांनाच विचारा, एजंटला नाही. मला तर नाही पटत.

पूर्वी याच पासपोर्टवर कितीतरी गोवेकर इंग्लंडमधल्या स्विंडनला आणि दमण-दीवचे लोक लेस्टरला गेले, पण ब्रेक्झिटमुळे, म्हणजे ब्रिटन युरोपियन युनियनमधून बाहेर पडल्यामुळे, 2020 नंतर इंग्लंडचं ते दार बंद झालं. जर्मनी चालेल, ती पोर्तुगालसारखीच युरोपियन युनियनमध्ये आहे. पण इंजिनियर पोराला तिथली ऑफर मिळाली आणि पगार त्यांच्या मर्यादेत बसला तर इंडियन पासपोर्टवरच ब्लू कार्ड (तिथे राहून नोकरी करायचा परवाना) मिळू शकतं, आधी ते बघा ना!