अर्ज सुरू होण्याच्या आदल्या रात्री वाचायचं पत्र

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. ग्रामपंचायतींची निवडणूक निर्णय अधिकारी म्हणून तुझा आदेश निघाला. आता या कामापुरती तू राज्य निवडणूक आयोगाच्या नियंत्रणाखाली आहेस. आमदारांचा फोन आला तर नमस्कार करावा आणि हातातलं काम चालू ठेवावं.

एक सवय मात्र आजपासून लाव. प्रत्येक कागद हरणाऱ्या उमेदवाराच्या नजरेनं बघ. निकालानंतर १५ दिवसांत तो ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १५ खाली दिवाणी न्यायालयात जाऊ शकतो. तिथे तुझी स्मरणशक्ती कामाची नाही, कागद लागतो.

‘यादीत माझं नावच नाही’ असं सांगत लोक तुझ्याकडे येतील. आपली मतदार यादी विधानसभेच्या यादीवरूनच प्रभागवार फोडलेली असते. तिथे नसलेलं नाव इथे घालता येत नाही, हे शांतपणे सांग आणि पुढच्या कामाला लाग.

खरी कसोटी अर्ज आणि छाननीची. अर्ज घेण्याची वेळ सकाळी ११ ते दुपारी ३. तीनला दहा मिनिटं असताना गर्दी उसळते. ठीक तीनला दार बंद कर आणि आत असलेल्यांना क्रमांक दे. अर्ज घेतानाच तपासणीची पावती भरून दे. जागेचं अक्षर नीट बघ: प्रभाग २ मधल्या ‘अ’ जागेचं आरक्षण वेगळं, ‘ब’चं वेगळं. उमेदवार आरक्षण बरोबर लिहितो आणि अक्षर चुकवतो. हे त्याच वेळी दाखवून दिलं तर त्याला दुसरा अर्ज भरायला वेळ मिळतो. छाननीत सापडलं तर मात्र तुझाही नाइलाज.

राखीव जागेसाठी जातप्रमाणपत्रासोबत वैधता प्रमाणपत्र हवं. ते नसेल तर पडताळणी समितीकडे अर्ज केल्याचा पुरावा आणि निवडून आल्यावर १२ महिन्यांत वैधता देण्याचं हमीपत्र. जात खरी की खोटी हे ठरवणं तुझं काम नाही. समोरचा पॅनेलवाला कितीही ओरडला तरी त्या वादात शिरू नकोस. वय किमान २१. १ जानेवारी १९९५ किंवा त्यानंतर जन्मलेल्याला सातवी उत्तीर्ण असल्याचा दाखला लागतो. हा दाखला लोक घरी विसरून येतात, तेव्हा सूचनाफलकावर ही ओळ ठळक लाव.

आक्षेप आला की तो लेखी घे, दोन्ही बाजूंचं ऐक आणि कारणांसह आदेश लिही. अर्ज बाद करतानाच कारणं लिहायची असतात असा गैरसमज आहे. आक्षेप फेटाळून अर्ज वैध ठरवलास तरी कारणं लिही, कारण भांडण तिथूनही उठतं. नावातला ऱ्हस्व-दीर्घ, यादीतल्या क्रमांकाची खाडाखोड अशा किरकोळ चुकांवर अर्ज बाद करू नये. सही किंवा आवश्यक दाखलाच नसेल तर मात्र दया दाखवू नकोस. निकाल छाननीच्या दिवशीच दे. ‘उद्या बघू’ म्हटलंस की रात्रभर तुझ्या दारात गाड्या उभ्या राहतील.

माघारीची मुदत संपली की चिन्हवाटप. इथे पक्षांची चिन्हं नसतात, मुक्त चिन्हंच. मतपत्रिकेवर नावं आडनावाच्या वर्णक्रमाने लागतात. छपाईआधी प्रुफं दोन जणांकडून मोठ्याने वाचून घे. कागदाचे रंगही जुळव: सरपंचपदाला फिका निळा, अनुसूचित जातीच्या जागेला फिका गुलाबी, जमातीला फिका हिरवा, नागरिकांच्या मागास प्रवर्गाला फिका पिवळा, सर्वसाधारणला पांढरा.

मतदानाच्या दिवशी सगळ्यात महाग पडणारी चूक एकच. केंद्राध्यक्ष सकाळी अभिरूप, म्हणजे चाचणीचं, मतदान घेतात, निकाल दाखवतात आणि घाईत यंत्र ‘क्लिअर’ करायला, म्हणजे ती मतं पुसायला, विसरतात. संध्याकाळी नोंदवहीत ४१२ मतदार आणि यंत्रात तेवढ्यापेक्षा जास्त, मग गावात ‘यंत्र फोडलं’ अशी हाकाटी. म्हणून प्रशिक्षणात क्लोज, रिझल्ट, क्लिअर हा क्रम प्रत्येकाकडून हाताने करून घे, नुसता ऐकवू नकोस. क्लिअर झाल्यावर एकूण शून्य दाखवून प्रतिनिधींच्या सह्या घ्यायला सांग, मगच सील. ७.३०ला मतदान सुरू करायचं तर अभिरूप मतदान पाऊण तास आधी लागलं पाहिजे.

सरपंचाचं एक आणि सदस्यांची दोन-तीन अशी अनेक मतं एकाच फेरीत द्यायची असल्याने काही मतदार एक बटण दाबून निघतात. सगळी मतं झाल्याशिवाय लांब बीप वाजत नाही. तिसऱ्या मतदान अधिकाऱ्याने कान तिकडेच ठेवावा, आणि मतदाराला बीप ऐकूनच सोडावं. ५.३०ला रांग उरली असेल तर सहीच्या चिठ्ठ्या शेवटच्या माणसापासून पुढे वाटायच्या. पुढून वाटत गेलं की मागे नवे घुसतात.

मोजणीत समान मतं पडली तर चिठ्ठी. सारख्या आकाराचे कागद, सारख्या घड्या, सगळं कॅमेऱ्यासमोर. ‘ज्याची चिठ्ठी निघेल तो विजयी’ हे आधी मोठ्याने सांग, कारण उलट समजणारेही असतात.

निकाल लावून घरी गेलीस तरी खर्चाचा हिशेब उरतो. प्रत्येक उमेदवाराने ३० दिवसांत तो द्यायचा असतो, हरलेल्यानेही. न देणाऱ्याला जिल्हाधिकारी अपात्र ठरवू शकतात. बिनविरोध आलेले हमखास विसरतात. आपली निवडणूक झालीच नाही, मग हिशेब कसला, असं त्यांना वाटतं. त्यांना लेखी नोटीस दे आणि पोच घेऊन नस्तीत (फाइलीत) लाव.

तुझा,
काका