जंगलातल्या उतारावर पहिल्यांदा सायकल घेऊन जाताय ना, मग एवढं बघा

सगळ्यात आधी सीट खाली करा. नवीन लोक हमखास सीट वर ठेवून बसूनच उतरतात आणि पहिल्याच खड्ड्यात पुढे फेकले जातात. उतारावर पेडलवर उभं राहायचं, दोन्ही पेडल एका लेव्हलला, टाचा खाली, कोपरं-गुडघे सैल.

- नजर पुढच्या चाकावर नको, ५-६ मीटर पुढे. झाडाकडे बघत राहिलात तर सायकल झाडाकडेच जाते, खरंच.
- ब्रेकवर एकेकच बोट, आणि वेग वळणाच्या आधी कमी करा, वळणात करकचून दाबला की चाक घसरलंच.
- ओली मुळं सरळ ओलांडा, तिरकं नको, त्यावर ब्रेकही नको.

अवघड वाटलं तर उतरून चाला, आम्हीही चालतो. जंप वगैरे सध्या राहू दे. हेल्मेट आणि ग्लोव्हज मात्र हवेतच!